कोपऱ्यातले तीन प्रश्न

४ मार्च, बुधवार

क्लबच्या सेक्रेटरीने ही वही दिली. दोनशे पानी आहे, मला लागणार आहे एकच पान. बाकीची फुकट जाऊ नयेत म्हणून रोजचं काही लिहायचं ठरवलं आहे. वही गादीखाली ठेवणार होतो, पण सूनबाई गादी उचलून झाडते. कपाटात ठेवली तर किल्ली कुठे ठेवायची हा प्रश्न. शेवटी जुन्या ग्लव्ह्जच्या पेटीत ठेवली. तिथे कोणी हात घालत नाही, वास येतो.

काम काय आहे ते आधी लिहितो, नाहीतर विसरेन. क्लबचा नवा हॉल बांधून झाला आहे. खाली गाड्यांचं गॅरेज, वर हॉल. त्याला क्लबच्या सगळ्यांत मोठ्या बॉक्सरचं नाव द्यायचं आहे. अठ्ठावीस तारखेला कमिटी बसेल. त्याआधी जुन्या माणसांनी एकेक पान लिहून द्यायचं, की बॉक्सर खरा मोठा कशाने होतो. सेक्रेटरी म्हणाला, "काका, नाव लिहू नका. नुसती कसोटी लिहा. कसोटीला जो उतरेल त्याचं नाव लागेल."

मी म्हटलं, "मी सहावी नापास आहे."

"बाकीचे पाचवीच्या पुढे गेले नाहीत," तो म्हणाला.

तशी नावं दोनच आहेत. आमच्या क्लबातून अजिंक्यपदाच्या लढतीपर्यंत दोघेच पोचले. एक माझा मुलगा. पेपरवाल्यांनी त्याला खांब म्हटलं, कारण तो कधी पडला नाही. दुसरा डावरा, डाव्या हाताने मारायचा म्हणून. दोघांच्याही कोपऱ्यात मीच होतो. हाताला पट्ट्या बांधणं, भुवई फुटली तर रक्त थांबवणं, राउंड संपला की स्टूल टाकणं, पाणी देणं, आणि त्या एका मिनिटात आपला माणूस पुढे लढू शकतो की नाही हे ठरवणं, हे माझं काम. चाळीस वर्षं केलं. मला सगळे पट्टीवाले काका म्हणतात.

डाव्या कानात आज पुन्हा घुंई होतं आहे.

५ मार्च

पान लिहायला बसलो. "जो मार खाऊन उभा राहतो तो मोठा." हे एक वाक्य झालं. मग वाटलं, पुढे काय. सगळं तर झालं.

सूनबाईला विचारलं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, तिला लिहिण्याची सवय आहे. ती मुलाच्या गोळ्या डबीत भरत होती, सोमवारच्या सोमवारात, मंगळवारच्या मंगळवारात. म्हणाली, "बाबा, मला यातलं काही विचारू नका."

मी म्हटलं, हॉलला त्याचं नाव लागलं तर घरच्यांचं संमतिपत्र लागेल, सही तुझी लागेल, तू त्याची बायको आहेस.

"आधी पान तर लिहा," ती म्हणाली. "मग सहीचं बघू."

तिच्या बोलण्यावरून काही कळत नाही. लग्नाला आठ महिने झाले असताना हे सगळं झालं. गेली नाही. जाईल असं मला रोज वाटायचं, अजून अधूनमधून वाटतं. दुकानातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी खिडकीत जाऊन उभा राहतो.

८ मार्च, रविवार

रविवार म्हणजे डावरा येतो. मुलाला उचलून न्हाणीघरात नेतो, आंघोळ घालतो, दाढी करतो, नखं कापतो. मला ते आवडत नाही. पण मला उचलता येत नाही आणि सूनबाईच्या पाठीचा मणका सरकला आहे, त्यामुळे गप्प बसावं लागतं.

आज दाढी करताना म्हणाला, "खांबसाहेब, गालफड आत ओढा. रिंगमध्ये एवढी मान हलवली असतीत तर बरं झालं असतं."

सूनबाई हसली. मी नाही हसलो.

"काका, तुमचीही करू का? फुकट आहे."

"माझे हात शाबूत आहेत," मी म्हटलं.

"हात आहेत हो. आरसा कुठे आहे? कानाखाली पाव इंच राहिलीय."

मी उठून आत गेलो. या माणसाबरोबर मी बोलत नाही, असं नाही, पण मन लावून बोलत नाही. कारण लिहून ठेवतो. एकोणीस वर्षांपूर्वी अजिंक्यपदाच्या लढतीत चौथा राउंड झाला, मी स्टूल टाकलं, पाणी दिलं, घंटा झाली आणि हा उठेच ना. स्वतःच हात वर करून रेफरीला म्हणाला, मी लढत नाही. अंगावर ओरखडा नाही, गुणांनी पुढे. लोकांनी बाटल्या फेकल्या. एक माझ्या खांद्याला लागली. चाळीस वर्षांत माझ्या कोपऱ्यात कोणी पाठ दाखवली असेल तर याने एकट्याने. आणि कमिटीतले दोघे म्हणतात, चेंडूसारखा हलायचा, त्याच्यासारखा कसबी झाला नाही. कसब काय चाटायचं आहे?

माझा मुलगा दोन वर्षांनी त्याच लढतीत दहाच्या दहा राउंड उभा राहिला. शेवटचे चार तर नुसता मार होता. गुणांवर हरला, पण हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि त्या जिंकणाऱ्यासाठी नव्हत्या. नंतर ड्रेसिंग रूमच्या न्हाणीघरात तो पडला. फरशी ओली होती. डोक्यात रक्त साकळलं, ऑपरेशन झालं, तेव्हापासून हा असा. मी फरशीबद्दल लेखी तक्रार दिली होती. तिचं कोणी उत्तर दिलं नाही.

११ मार्च

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सकाळी मुलाला चहात भिजवून पाव देत होतो. सूनबाई दुकानात. तो दिवसातून चार-पाच शब्द बोलतो, तेही कुठले कुठले. पाव घशात अडकला की काय म्हणून मी त्याच्या समोर उकिडवा बसलो आणि हनुवटी धरून तोंड वर केलं. राउंड संपल्यावर मी कायम तसाच बसायचो. आणि बसल्याबसल्या माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कुठे आहेस?"

तो म्हणाला, "रिंगमध्ये."

स्वच्छ. जिभेला जडपणा नाही.

कोपऱ्यातले माझे तीन प्रश्न ठरलेले होते. कुठे आहेस, कोण जिंकतंय, पुढे जायचं. डोक्याला मार बसलाय का हे त्यावरून कळतं. क्लबात आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवसापासून ते विचारायचो, सरावात सुद्धा, प्रत्येक राउंडनंतर. मुलाला तर तो बारा वर्षांचा असल्यापासून.

मी दुसरा विचारला. "कोण जिंकतंय?"

"मी."

"पुढे जायचं?"

"जायचं."

सतरा वर्षं डॉक्टर म्हणताहेत, आत काही उरलेलं नाही. डॉक्टरांना काय विचारायचं तेच माहीत नव्हतं.

१२ मार्च

आज तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बरोबर. दुपारी झोपेतून नुकता उठला होता, तरीही बरोबर.

सूनबाईला जेवताना दाखवलं. ती घास हातात धरून बघत राहिली. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "रिंगमध्ये नाहीत ते, बाबा. खुर्चीत आहेत."

मी म्हटलं, "अगं, त्याच्या मनाने तो रिंगमध्येच आहे. बॉक्सर आहे तो."

"मग सतरा वर्षं तिथेच आहेत की काय," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली. अर्धी पोळी तशीच होती. तिला आनंद पचत नाही, असं मला वाटतं. माणूस सोसून सोसून असा होतो.

पान पुन्हा सुरू केलं. "जो सगळं हरपलं तरी रिंग सोडत नाही तो खरा मोठा." हे पहिल्यापेक्षा चांगलं आहे. सेक्रेटरीला निरोप पाठवला, रविवारी ये, एक गोष्ट दाखवायची आहे.

१५ मार्च, रविवार

सेक्रेटरी आला. डावरा मुलाची दाढी करत होता, एका गालाला फेस होता. मी थांबलो नाही. समोर बसलो, हनुवटी धरली.

"कुठे आहेस?"

"रिंगमध्ये."

"कोण जिंकतंय?"

"मी."

"पुढे जायचं?"

"जायचं."

सेक्रेटरीने चष्मा काढला. म्हणाला, "काका, हे कमिटीला सांगायलाच पाहिजे." माझा ऊर भरून आला. मी डावऱ्याकडे पाहिलं. बघ म्हटलं मनात, याला म्हणतात.

डावरा वस्तरा पाण्यात हलवत होता. हात पुसून तो माझ्या शेजारी उकिडवा बसला, मुलाची हनुवटी धरली आणि अगदी हळू म्हणाला, "पुढे जायचं?"

मुलगा म्हणाला, "रिंगमध्ये."

"पाऊस पडतोय का बाहेर?"

"मी."

"वहिनींची पाठ कशी आहे?"

"जायचं."

सेक्रेटरीने घड्याळ बघितलं, काम आठवलं म्हणाला, गेला.

मी डावऱ्याला म्हटलं, "माझ्या पोराची चेष्टा करतोस?"

"चेष्टा नाही, काका."

"मग काय आहे हे?"

"तुम्हाला माहीत आहे काय आहे ते," तो म्हणाला आणि राहिलेल्या गालावर वस्तरा फिरवायला लागला. सूनबाई दारात उभी होती. तिने मुलाच्या गळ्यातला टॉवेल नीट केला.

नंतर विचार केला. डावऱ्याचा आवाज वेगळा, मुलगा गोंधळला असणार. त्याला माझ्या आवाजाची सवय आहे.

१६ मार्च

सूनबाई गेल्यावर माझ्या आवाजात उलटसुलट विचारून पाहिलं. लिहीत नाही.

१९ मार्च, गुरुवार

तीन दिवस झोप धड नाही, पित्त झालं आहे. आज बसने डावऱ्याच्या कामावर गेलो. गावाबाहेर वजनकाटा आहे, मालाचे ट्रक येऊन त्यावर उभे राहतात. काचेच्या एवढ्याशा खोलीत तो बसतो आणि चिठ्ठी फाडून देतो. आत धूळ इतकी की स्टुलावर रुमाल टाकून बसलो.

एक ड्रायव्हर खिडकीशी येऊन भांडत होता. "दादा, तुझा काटा जास्त दाखवतोय."

"काटा बरोबर आहे. तू गाडीतून उतरला नव्हतास. आता उतरलास ना, परत बघ. नव्वद किलो कमी."

"नव्वद नाही मी."

"मग चढून दाखव."

ड्रायव्हर हसत गेला. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही. खिडकी लावून घेतली. म्हणाला, "माझ्या लढतीपासून. चौथ्या राउंडनंतर तुम्ही विचारलंत, मी तिन्ही उत्तरं दिली. मग तुम्ही पाण्याची बाटली तोंडाला लावलीत आणि मला वाटलं, हा माणूस कोण आहे. खरंच वाटलं. तुमचा चेहरा ओळखू येईना. तिसऱ्या राउंडला कानशिलावर एक बसली होती, बाहेरून दिसली नव्हती. तेव्हा लक्षात आलं, मला काही कळत नाहीये आणि माझं तोंड उत्तरं देतंय. मी घाबरलो, काका. मार खायची भीती नव्हती ती. म्हणून हात वर केला."

"मग मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. तिथेच, ड्रेसिंग रूममध्ये. म्हटलं, काका, प्रश्न बदला, हे पाठ झालेत. तुम्ही कानाखाली मारलीत. त्याच कानशिलावर."

मी म्हटलं, "मला असलं काही आठवत नाही."

"नसेल," तो म्हणाला. खिडकीवर कोणी टकटक केलं, त्याने चिठ्ठी फाडली, शिक्का मारला.

परत येताना बसमध्ये आठवलं. त्याने दाराची कडी लावली होती, बाहेर लोक शिव्या देत होते. तो खरंच म्हणाला होता, पाठ झालेत. आणि मी म्हणालो होतो, भेकडाची कारणं मला सांगू नकोस. त्यानंतर दोन वर्षं होती माझ्याकडे. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी क्लबात तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारत होतो.

मुलाला शेवटच्या लढतीत सहाव्यानंतर विचारलं, सातव्यानंतर विचारलं, आठव्यानंतर, नवव्यानंतर. प्रत्येक वेळी बरोबर. मी रेफरीला अंगठा वर करून दाखवला, ठीक आहे म्हणून. चार वेळा. लढत थांबवायला रिंगमध्ये टाकायचा टॉवेल माझ्या खांद्यावर होता.

फरशी ओली होती हे खरं आहे. मी स्वतः पाहिली होती.

२४ मार्च

पानाची पाच वेळा खाडाखोड. सूनबाई म्हणाली, रात्रीचे डोळे जाळू नका, दिवसा लिहा. दिवसा मुलगा समोर असतो. तो समोर असताना लिहवत नाही.

२८ मार्च, शनिवार

कमिटी जुन्या हॉलमध्ये बसली, रिंगच्या बाजूला टेबल टाकून. पाच जण, सहावा मी. माझ्याआधी दोघांची पानं वाचून झाली. एकाने लिहिलं होतं, पायांची हालचाल. दुसऱ्याने लिहिलं होतं, देवाची देणगी.

मी उभा राहून वाचलं. जे वाचलं ते इथे उतरवतो, कारण तो कागद त्यांनी ठेवून घेतला.

"मी चाळीस वर्षं समजत होतो की जो पडत नाही तो मोठा. ते चूक आहे. पडत तर भिंतही नाही. मार खाताना ज्याचं डोकं जागेवर राहतं आणि ते जागेवर नाही असं ज्या क्षणी कळतं त्या क्षणी जो तसं म्हणतो, हजार माणसं ओरडत असताना म्हणतो, तो मोठा. आपल्या क्लबात असा एकच झाला आणि त्याला आपण बाटल्या मारल्या. माझ्या मुलाला तसं म्हणता आलं नाही. तो कमी होता म्हणून नाही. बारा वर्षांचा असल्यापासून मी त्याच्याकडून तीन उत्तरं घोकून घेतली होती. शेवटच्या चार राउंडमध्ये तो शुद्धीवर नव्हता. त्याचं तोंड जायचं म्हणत होतं. मी त्याला पाठवला."

वाचून झाल्यावर बसलो. आता कोणीतरी मला शिवी देईल आणि सुटेन असं वाटत होतं.

घंटावाला म्हणजे आमचा जुना टाइमकीपर, ऐंशी वर्षांचा आहे. तो डोळे पुसत म्हणाला, "शुद्ध नाही. आणि तरी जायचं म्हणतो. अंगावर काटा आला."

दुसरा म्हणाला, "यापेक्षा मोठा बॉक्सर काय असतो."

मी म्हटलं, "अहो, मी उलट सांगतोय."

"काका, तुम्ही बाप आहात. तुमचं काळीज बोलतंय," सेक्रेटरी म्हणाला. "पण गोष्ट काय सांगितलीत. असं कुठल्या क्लबात घडलं असेल?"

"ही गोष्ट नाही. माझी चूक आहे."

"तेच तर. मोठेपणा अशातूनच दिसतो."

टाळ्या वाजवल्या. पाच विरुद्ध शून्य, मुलाचं नाव ठरलं. डावऱ्याचं नाव कोणी काढलं सुद्धा नाही. वर ठराव केला की रिंगच्या मागच्या भिंतीवर लाल रंगात, दोन-दोन फुटी अक्षरांत, एकच शब्द लिहायचा. जायचं.

महिनाभरापूर्वी मला हे मिळालं असतं तर मी पेढे वाटले असते.

२९ मार्च, रविवार

सूनबाईला सगळं सांगितलं. कोपऱ्यातलंही सांगितलं, चारही राउंड. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. शेवटची जुडी संपवून म्हणाली, "मी सही करणार नाही."

मी म्हटलं, "नको करूस."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

डावरा आला तेव्हा मी त्याला दाढी करायला बसू का म्हणून विचारणार होतो. विचारलं नाही. कशाच्या जोरावर विचारणार.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी अकराला सेक्रेटरी आला. सूनबाई दुकानात असते हे त्याला माहीत आहे. हातात संमतिपत्र. म्हणाला, "वहिनींची हरकत आहे असं कळलं. काही अडत नाही. खांबाने स्वतः सही केली तर कोण विचारणार आहे?"

मुलाला सही येते. हातात पेन दिलं की आपोआप येते. त्या वर्षी त्याने शेकड्याने फोटो सह्या करून दिले होते.

मी म्हटलं, "त्याला काय कळतंय?"

"नाव त्याचं, मान त्याचा. त्यालाच विचारू." सेक्रेटरी मुलाच्या समोर उकिडवा बसला. गुडघे वाजले त्याचे. माझ्यासारखी हनुवटी धरली. आवाजही माझाच काढला, त्या पंधरा तारखेच्या रविवारी ऐकला होता ना.

"कुठे आहेस?"

"रिंगमध्ये."

"कोण जिंकतंय?"

"मी."

मुलाची मूठ वळली होती. पाय चाळवले होते, उठायच्या बेतात असायचे तसे. सेक्रेटरीने पेन उघडलं आणि तिसऱ्यासाठी तोंड उघडलं.

मी म्हटलं, "नाही."

"काका, एक मिनिट."

"नाही. माझा माणूस पुढे येणार नाही. मी थांबवतोय."

ही रेफरीला सांगायची वाक्यं आहेत. मला पाठ आहेत, कधी वापरली नव्हती. मी मध्ये शिरलो, सेक्रेटरीचा हात हनुवटीवरून काढला आणि मुलाच्या समोर उभा राहिलो. त्याला म्हटलं, "झालं. संपलं. बस खाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांत त्याची नजर माझ्यावर ठरली नव्हती, कायम माझ्या मागे कुठेतरी असायची. आज ठरली. ओळखीची नव्हती ती नजर, रागाची होती, पण माझ्यावरच होती. मग खुर्चीतून अर्धा उठून त्याने उजव्या हाताने मारलं. खांद्यातून मारलं, नुसत्या हाताने नाही. माझा ओठ फाटला. वरची कवळी निघून पलंगाखाली गेली.

सेक्रेटरी म्हणाला, "अरे बापरे," आणि कागद घडी करून खिशात घातला. चप्पल घालायला दारात बसला नाही, हातात घेऊन जिना उतरला.

मुलगा पुन्हा बसला. थोड्या वेळाने "जायचं" म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं. पुन्हा म्हणाला. दोन वाजेपर्यंत म्हणत होता. मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होतो. कवळी नसल्यामुळे माझं नाही त्याला कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. नवव्या राउंडनंतर टॉवेल टाकावा असं मला वाटलं होतं. वाटलं होतं, हे आजवर कोणाला सांगितलं नाही. मी टॉवेलला हात लावला होता. मग मनात आलं, हा मला आयुष्यभर माफ करणार नाही. एवढंच मनात आलं. त्याच्या डोक्याचा विचार नव्हता त्यात.

१ एप्रिल

सेक्रेटरीचा फोन आला होता. हॉलला आता त्याच्या सासऱ्यांचं नाव देणार आहेत, ते वारले गेल्या वर्षी. त्यांनी जन्मात कोणाला चापट मारली नव्हती. भिंतीवरचा शब्द मात्र राहणार, रंगारी येऊन गेला म्हणे. त्याला सही लागत नाही. मी म्हटलं, पुसा तो. तो म्हणाला, काका, शब्द कोणाच्या मालकीचा नसतो.

ओठ सुजून नाकाला लागला आहे. काल सूनबाईला अंधारात दिसला नाही, आज सकाळी दिसला. तिने बर्फ पिशवीत घालून आणला.

"कोणी मारलं?"

"त्याने."

"का?"

"थांबवलं म्हणून."

तिने खुर्चीकडे बघितलं. मुलगा झोपला होता, मान एका बाजूला. तिने जाऊन मानेखाली उशी सरकवली. मग परत आली.

"तेव्हा थांबवलं असतंत, तर तेव्हाही असंच मारलं असतं?"

"हो," मी म्हटलं. "आणि वर्षभर बोलला नसता माझ्याशी."

"वर्षभरच ना," ती म्हणाली. पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि दुकानाला गेली.